ल्युसिड ड्रीम आणण्याची तंत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वप्न चालू असताना त्यातच भानावर कसं यायचं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची उत्तरं अशी का आहेत ते कळेल. ही आठवण ठेवण्याची तालीम आहे, सिद्धी नव्हे. आणि ज्या तंत्रासाठी रोजच्या रोज झोपेचं खोबरं करावं लागतं, ते कितीही गाजलेलं असलं तरी माझ्या लेखी कुचकामी.

ल्युसिड ड्रीम म्हणजे नेमकं काय? मला तर रोजच अगदी स्पष्ट, रंगीत स्वप्नं पडतात.

स्पष्ट स्वप्न वेगळं, ल्युसिड स्वप्न वेगळं. स्वप्न कितीही ठळक असलं तरी चाललंय ते खरंच आहे असं वाटत असेल, तर ते साधं स्वप्न. मधेच "अरेच्चा, हे तर स्वप्न आहे" असं उमगलं आणि उमगूनही झोप मोडली नाही, तर ते ल्युसिड. अट एवढीच. उडता आलंच पाहिजे, हवा तो माणूस हजर करता आलाच पाहिजे, असं काही नाही. भान येतं पण ताबा येत नाही, असं पुष्कळांचं होतं. स्वप्न आहे हे कळलेलं असतं, तरी समोरचा दरवाजा काही केल्या उघडत नाही.

फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने १९१३ साली आपल्या स्वप्नांवर निबंध वाचला आणि तेव्हापासून हा शब्द रुळला. १८९८ ते १९१२ या काळात त्यांनी स्वतःच्या अशा ३५२ स्वप्नांची नोंद केली होती. म्हणजे वर्षाला सरासरी तेवीस-चोवीस. या विषयाला वाहून घेतलेल्या माणसाचा हा हिशोब. "सात दिवसांत रोज रात्री ल्युसिड ड्रीम" अशी जाहिरात दिसली की हा आकडा आठवावा.

हे खरंच झोपेत घडतं, की जाग आल्यावर आपल्याला तसं वाटतं?

शंका रास्त आहे. १९७०च्या दशकापर्यंत झोपेचा अभ्यास करणाऱ्या बऱ्याच जणांना हेच वाटायचं, की ही माणसं क्षणभर जागी होत असणार आणि त्यालाच स्वप्नातलं भान समजत असणार. सिद्ध करायला अडचण मोठी होती, कारण झोपलेल्या माणसाने बाहेर कळवायचं कसं? ठळक स्वप्नं जास्त करून ज्या झोपेत पडतात तिला रेम झोप म्हणतात. तिच्यात पापण्यांआड बुबुळं भराभर हलत असतात आणि बाकीचं शरीर जवळपास लुळं पडलेलं असतं. तोंडातून शब्द फुटत नाही, हात उचलत नाही. श्वास चालू राहतो आणि डोळे हलतात, तेवढंच.

इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी नेमकी हीच फट हेरली. अ‍ॅलन वर्स्ली या स्वयंसेवकाला अशी स्वप्नं वरचेवर पडत. दोघांत आधीच ठरलं, की भान आलं की नजर डावीकडून उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायची. एप्रिल १९७५ मध्ये आलेखावर ती खूण उमटली. त्याच वेळी मेंदूच्या लहरी आणि स्नायूंची नोंद सांगत होती, की हा माणूस गाढ झोपलेला आहे. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच करून दाखवलं आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथून हा विषय गूढविद्येच्या कपाटातून निघून प्रयोगशाळेत आला.

याहून मजेशीर प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांना झोपेत प्रश्न विचारले. एका अमेरिकन मुलाला विचारलं, आठ वजा सहा किती? त्याने स्वप्नातूनच नजर दोनदा फिरवली. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळे प्रयत्न धरले तर बरोबर उत्तरं पाचातल्या एकापेक्षाही कमी, आणि निम्म्याहून जास्त वेळा काही उत्तरच आलं नाही. तरीही झोपलेल्या माणसाशी दोन्ही बाजूंनी संवाद झाला, ही गोष्ट लहान नाही.

सर्वसामान्य माणसाला हे जमतं का?

आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेली माणसं साधारण ५५ टक्के आणि महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडणारी २३ टक्के, असं अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे ही दुर्मीळ देणगी नाही. नुसतं पडणं आणि हवं तेव्हा पाडणं, यात मात्र अंतर आहे.

रात्री कुठल्या वेळी शक्यता जास्त?

उत्तररात्री. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी रेम झोप येते. पहिल्या आवर्तनात ती काही मिनिटांपुरती असते, पहाटे अर्ध्या तासाच्या पुढे जाते. अकराला झोपून सातला उठणाऱ्याच्या स्वप्नांचा मोठा हिस्सा चार ते सातच्या दरम्यान पडतो.

पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं होतं की नाही हे सोडून द्या. पण ते लांबलचक असतं आणि पुष्कळदा त्यातूनच थेट जाग येते, त्यामुळे लक्षात राहतं. याचा सरळ अर्थ असा, की साडेबाराला झोपून साडेपाचला उठणारा माणूस नेमका स्वप्नांचाच हिस्सा कापून टाकतो. अशा माणसाने तंत्रांच्या नादी लागण्याआधी आठवडाभर तासभर लवकर झोपून पाहावं. काहींना तेवढ्यानेच फरक पडतो.

सुरुवात कुठून करू? मला तर स्वप्नं आठवतच नाहीत.

मग तिथूनच. ल्युसिड स्वप्न पडलं आणि सकाळी विसरलात, तर पडलं काय नि न पडलं काय.

उशाशी वही-पेन ठेवा. जाग आली की हलू नका, डोळे उघडू नका, मोबाइलला हात लावू नका. आधी मनात विचारा, "आत्ता मी कुठे होते?" एखादा चेहरा, एखादी खोली, नुसती भीती किंवा हसू, जे हाती लागेल ते धरून मागे मागे जा. मग कुशीवर असाल तर दुसऱ्या कुशीवर वळून पुन्हा आठवा. गंमत अशी, की त्या कुशीवर कधी कधी वेगळंच स्वप्न आठवतं. मग लिहा. सुंदर वाक्यं नकोत. "काकूंचं जुनं घर, पण जिना उलटा. बसचं तिकीट सापडेना." एवढं पुरे. काहीच आठवलं नाही तर "काही नाही" असं लिहा, पण वही उघडा. मोबाइलवर लिहायला हरकत नाही असं पुष्कळ जण म्हणतात. माझी हरकत आहे. स्क्रीन उघडली की व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दिसतात आणि स्वप्न गेलंच म्हणून समजा.

दोन-तीन आठवड्यांनी वही चाळा. काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. बारावीचा पेपर आहे आणि हॉल तिकीट घरी राहिलंय. एसटी सुटतेय आणि पाय उचलत नाहीत. दात हातात पडताहेत. विकून टाकलेल्या घरात आपण अजून राहतोय. या तुमच्या स्वप्नखुणा. पुढच्या बहुतेक तंत्रांचं भांडवल हेच आहे आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. दुसऱ्याची यादी उतरवून घेऊन उपयोग नाही.

रिअ‍ॅलिटी चेक कसा करायचा? स्वतःला चिमटा काढून चालेल?

चिमटा बिनभरवशाचा. स्वप्नात काढलेला चिमटा दुखूही शकतो, मग खात्री पटते की हे खरंच चाललंय. त्यापेक्षा भरवशाच्या कसोट्या आहेत. नाक चिमटीत घट्ट धरून, तोंड मिटून श्वास घ्यायचा. स्वप्नात बहुधा श्वास आत येतो. एका हाताचं बोट दुसऱ्या तळव्यात दाबून पाहायचं. स्वप्नात ते आरपार जाऊ शकतं. दुकानावरची पाटी वाचायची, नजर फिरवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात.

यात खरी गोम वेगळीच आहे. दिवसातून दहा वेळा यांत्रिकपणे नाक दाबलं तर स्वप्नातही तुम्ही यांत्रिकपणे नाक दाबाल, श्वास येईल आणि "ठीक आहे" म्हणून पुढे चालू लागाल. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय यांनी या पद्धतीचा पाया घातला. त्यांचा भर कसोटीपेक्षा प्रश्नावर होता: मी आत्ता जागा आहे की स्वप्नात? हा प्रश्न मनापासून, उत्तर माहीत नसल्यासारखा विचारायचा. मी इथे कशी आले? पाच मिनिटांपूर्वी कुठे होते? आजूबाजूला काही विचित्र दिसतंय का? दिवसातून मोजक्या वेळा, पण खरोखर थबकून. वेळ ठरवण्यापेक्षा प्रसंग ठरवलेला बरा. दार ओलांडताना, आरशात पाहताना आणि मुख्य म्हणजे काहीही अजब घडल्यावर. लोकलमध्ये संध्याकाळी सहाला बसायला जागा मिळाली तर जरूर करून पाहा.

नुसत्या या चेकवर मात्र विसंबू नका. एकटा तो फारसं काही देत नाही, पुढच्या तंत्राच्या जोडीने देतो.

माइल्ड तंत्र म्हणजे काय? सविस्तर सांगाल का?

एकच तंत्र शिकायचं असेल तर हे शिका. लाबर्ज यांनी ते आपल्या डॉक्टरेटच्या अभ्यासादरम्यान स्वतःवर बेतलं. त्याचा गाभा म्हणजे पुढे करायच्या कामाची आठवण. ऑफिसातून येताना कोथिंबीर आणायची आहे, हे सकाळी ठरवलेलं संध्याकाळी भाजीवाला दिसताच आठवतं. इथे भाजीवाल्याच्या जागी स्वप्नखूण असते आणि कोथिंबिरीच्या जागी "हे स्वप्न आहे" ही ओळख.

साधारण पाच तास झोप झाल्यावर जागं व्हायचं. नुकतंच पडलेलं स्वप्न जमेल तेवढं बारकाईने आठवायचं. ते आठवत नसेल तर वहीतलं जुनं चालेल. मग दिवा मालवून आडवं व्हायचं आणि मनात म्हणायचं, "पुढचं स्वप्न पडलं की मला आठवेल, हे स्वप्न आहे." म्हणताना अर्थाकडे लक्ष हवं, पोपटपंची झाली की थांबून पुन्हा सुरुवात करायची. वाक्य तुमच्या घरच्या बोलीत असू द्या. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत, ज्या भाषेत तुम्ही स्वतःशी पुटपुटता तिच्यात. पुस्तकी वाक्य मनात उतरत नाही.

त्याच्या जोडीला ते स्वप्न डोळ्यांपुढे पुन्हा चालवायचं, पण शेवट बदलून. एसटी सुटतेय, पाय उचलत नाहीत, आणि तिथेच तुम्ही थबकता: "पाय उचलत नाहीत? म्हणजे हे स्वप्न." वाक्य आणि हे चित्र आलटून पालटून, झोप लागेपर्यंत. झोपण्यापूर्वीचा शेवटचा विचार हाच असला पाहिजे. मन भरकटून उद्याच्या मीटिंगवर गेलं तर चिडायचं नाही, परत आणायचं.

पाच तासांनी उठायचं कसं? आम्ही एका खोलीत चौघं झोपतो. गजर झाला तर घर उठेल.

हा प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडत नाही, आपल्याकडे मात्र पहिला हाच येतो. मनगटावर थरथरणारा फिटनेस बँड किंवा घड्याळ असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइल थरथरण्यावर ठेवून उशीच्या अभ्र्यात सरकवा. पण आधी बघा, गजराची गरज आहे का? चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांना पहाटे एकदा उठावंच लागतं. कित्येक गावांत नळाला पाणी पहाटे येतं आणि घरातलं कोणीतरी साडेचारला उठून हंडे-पिंप भरतंच. त्या माणसाला ही वेळ आयती मिळालेली आहे. पाणी भरून झाल्यावर पुन्हा आडवं होताना माइल्ड करायचं.

किती वेळ जागं राहायचं, हे स्वतःवरून ठरवावं. पाच-दहा मिनिटांपासून अर्धा-पाऊण तासापर्यंतचे सल्ले सापडतील. झोप चटकन लागत असेल तर थोडं जास्त वेळ बसा, वही वाचा. झोप जायचीच भीती असेल तर बाथरूमला जाऊन या आणि आडवे व्हा. चहा नको, मोठा दिवा नको, बातम्या नकोत.

आणि हे रोज करायचं नाही. आठवड्यातून एक-दोनदा, दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येईल अशा रात्री. ज्यांना सकाळी सातला गाडी चालवत कामावर जायचंय, त्यांनी आदल्या रात्री हा खेळ करू नये.

वाइल्ड काय असतं? त्यात थेट जागेपणातून स्वप्नात जातात म्हणे.

हो. शरीर झोपवायचं आणि मन जागं ठेवायचं. ऐकायला फार आकर्षक आहे, म्हणून नवशिके आधी तिथेच धावतात आणि तासभर ताटकळून वैतागतात. रात्री अकराला पाठ टेकताच हे करणं बहुतेकांसाठी व्यर्थ, कारण त्या वेळी रेम झोप जवळपास नसते. करायचंच तर पहाटे, पुन्हा झोपताना. अंग सैल सोडून पापण्यांआड दिसणारे ठिपके, आकार, चेहरे नुसते बघत राहायचे. त्यांची दृश्यं होतात आणि दृश्यांत आपण शिरतो. वाटेत घंटा किंवा हाका ऐकू येणं, अंगात झिणझिण्या, पडल्यासारखं वाटणं असे प्रकार होतात. ते निरुपद्रवी आहेत, पण भित्र्या स्वभावाच्या माणसाला नकोसे वाटतील. अशांनी हे तंत्र सोडून द्यावं, काही बिघडत नाही.

मग कुठलं तंत्र सर्वात चांगलं? आकडेवारी आहे का?

थोडीफार आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड विद्यापीठात डेनहोम अ‍ॅस्पी यांनी १६९ जणांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. रिअ‍ॅलिटी चेक, पहाटे उठणं आणि माइल्ड हे तिन्ही एकत्र करणाऱ्या गटाला आठवडाभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आलं. माइल्ड केल्यावर पाच मिनिटांच्या आत झोप लागली त्या वेळी हाच आकडा ४६ टक्क्यांपर्यंत गेला.

मला या अभ्यासातला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. ज्यांना चटकन झोप लागली, त्यांना यश आलं. म्हणजे दात-ओठ खाऊन वाक्य घोकत पडून राहणारा हरतो. पुढे २०२० मध्ये ३५५ जणांच्या अभ्यासात माइल्डच्या बरोबरीने आणखी एक तंत्र उतरलं. पहाटे उठून पुन्हा पडल्यावर लक्ष आधी मिटल्या डोळ्यांपुढच्या अंधारावर, मग कानांवर, मग अंगाच्या जाणिवेवर न्यायचं. सुरुवातीला भराभर काही फेऱ्या, मग सावकाश काही फेऱ्या, आणि झोपून जायचं. ज्यांना मनात वाक्य म्हणणं जमत नाही, त्यांनी हे करून पाहावं.

भान येतं, पण आनंदाच्या भरात लगेच जाग येते. काय करू?

सगळ्यांचं होतं. भान आलं की पहिली काही सेकंदं काहीच करू नका. उडी नको, आरडाओरडा नको. स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, पायाखालची जमीन बघा, जे दिसतंय त्याला स्पर्श करा. दृश्य फिकं पडायला लागलं तर जागच्या जागी गिरकी घ्या, हा लाबर्ज यांचा उपाय आहे. एकाच वस्तूकडे टक लावून बसू नका, नजर फिरती ठेवा. आणि मनात सतत "हे स्वप्न आहे" म्हणत राहा, नाहीतर पाचव्या मिनिटाला तुम्ही पुन्हा बारावीच्या पेपराला बसलेले असता.

जाग आलीच, तर हलू नका. डोळे मिटून तसेच पडून राहा. पुष्कळदा तेच स्वप्न पुन्हा पकडता येतं. आणि जाग आल्यावरही एकदा नाक दाबून बघा. उठलो, दात घासले, चहा ठेवला आणि मग खरोखर जाग आली, अशी खोटी जाग या नादात फार येते.

एकदा जाग आली, पण हलता येईना. छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटलं. घरचे म्हणतात बाहेरचं काही आहे.

बाहेरचं काही नाही. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. रेम झोपेत शरीर लुळं असतं हे वर आलंच आहे. इथे मन जागं होतं आणि शरीराची ती अवस्था काही सेकंदं किंवा मिनिटं मागे रेंगाळते. स्वप्नाचा तुकडाही अजून चालूच असतो, त्यामुळे खोलीत कोणी असल्याचा भास होतो, छाती दडपते. शंभरातल्या साधारण आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो आणि जगभरच्या लोकांनी त्यावर आपापली भुतं बसवलेली आहेत. आपल्याकडे त्याचा आळ मुंज्यावर नाहीतर हडळीवर येतो.

अशा वेळी ओरडायची धडपड करू नका, तिने भीतीच वाढते. श्वास आपल्या ताब्यात असतो, तो सावकाश सोडा. पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न करा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. झोप अपुरी पडली की प्रमाण वाढतं. वरचेवर होत असेल आणि दिवसाही बसल्या जागी झोपेचे झटके येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत.

तेच ते भयानक स्वप्न वर्षानुवर्षं पडतं. त्यावर याचा उपयोग होईल?

होऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याकडे वळून "तू कोण?" असं विचारता आलं की काहींचं ते स्वप्न पडायचंच थांबतं. पण आधी त्याहून सोपा आणि जास्त आजमावलेला उपाय करा: दिवसाढवळ्या ते स्वप्न लिहून काढा, शेवट हवा तसा बदला आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं मनात चालवा. स्वप्नात भान यायची वाटही पाहावी लागत नाही. अपघात, हिंसा, अत्याचार अशा खऱ्या घटनेतून आलेली स्वप्नं असतील तर हे एकट्याने करू नये. मानसोपचारतज्ज्ञाची सोबत हवी.

गेलेल्या माणसाला भेटता येईल का? मला वडिलांशी बोलायचं आहे.

हा प्रश्न विचारणारे बरेच असतात आणि बहुतेक जण सगळ्यात शेवटी, जरा अडखळत विचारतात. स्वप्नात ते दिसू शकतात, बोलू शकतात, आवाज आणि लकबीही हुबेहूब असू शकतात. दार उघडलं की पलीकडे ते असतील असं मनाशी धरून दार उघडणं, हा त्याचा नेहमीचा मार्ग. एकदम समोर प्रकट करण्यापेक्षा हे सोपं जातं.

पण जे भेटतात ते आपल्या आठवणीतून घडलेले असतात. कागदपत्रं कुठे ठेवली, जमिनीचं काय ठरलं होतं, असलं काही त्यांना विचारून त्यावर चालू नका. पितृपक्षात वडील स्वप्नात आले म्हणजे काही मागताहेत, असं वाटणाऱ्यांना मी समजावायला जात नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. राहून गेलेलं बोलून टाकल्यावर हलकं वाटलं असं सांगणारे आहेत, आणि जाग आल्यावर दुःख नव्याने उसळलं असं सांगणारेही आहेत. जाऊन थोडेच महिने झाले असतील तर थांबावं, असं मला वाटतं.

योगनिद्रा, स्वप्नदृष्टांत आणि हे एकच का?

नाही. योगनिद्रा म्हणून आज जी शिकवली जाते ती झोपेच्या उंबरठ्यावरची शिथिलता आहे. दृष्टांताची गोष्ट आणखी निराळी. तुकोबांना नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. तिथे स्वप्न पाहणारा काही ठरवत नाही, त्याला दिलं जातं. इथे तुम्ही आधीपासून ठरवून बसलेले असता.

जवळचं नातं सांगायचं तर ते तिबेटी बौद्धांच्या स्वप्नयोगाशी. नारोपांच्या सहा योगांमध्ये त्याचा समावेश आहे आणि स्वप्न हे स्वप्न म्हणून ओळखणं ही त्यातली पहिली पायरी. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात, मन स्थिर करायला स्वप्न आणि निद्रा यांतल्या ज्ञानाचा आधार घेता येतो, असं सूत्र आहे. मात्र या परंपरांचं ध्येय समुद्रावरून उडणं हे नव्हतं.

गोळ्या, मास्क, जायफळ?

गॅलँटामाइन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध. लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ जणांवर ते आजमावलं: रिकाम्या गोळीवर १४ टक्के, ४ मिलिग्रॅमवर २७ आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के लोकांना ल्युसिड स्वप्न पडलं. परिणाम खरा आहे. तसंच हेही खरं, की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, मळमळ आणते, हृदयाचे ठोके मंदावू शकते. नुसत्या हौसेसाठी घेऊ नये. बी-६ जीवनसत्त्वाचा मोठा डोस स्वप्नं आठवायला मदत करतो असं एका प्रयोगात दिसलं, पण तो दीर्घकाळ घेतला तर नसांना इजा होते.

आजीच्या हातच्या दुधातलं चिमूटभर जायफळ झोपेसाठी ठीक. "जास्त घेतलं की भन्नाट स्वप्नं पडतात" म्हणून चमचा-चमचा खाणं म्हणजे विषबाधा. उलट्या, धडधड, भ्रम होऊन दवाखाना गाठावा लागतो. दारूने रेम झोप दबते, गांजानेही.

डोळ्यांवर लाल दिवे लुकलुकवणारे मास्क १९९०च्या दशकापासून मिळतात. प्रकाश स्वप्नात शिरतो खरा, पण गाडीचा दिवा नाहीतर दिवाळीची माळ होऊन शिरतो. ती खूण ओळखायला माइल्डची तालीम लागतेच. पैसे उरले असतील तर घ्या.

हे कोणी करू नये?

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा भास-भ्रमाचा आजार असलेल्यांनी, आणि आपण खरे आहोत की नाही असं दिवसाही ज्यांना वाटतं त्यांनी, आपल्या मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. मिरगी असलेल्यांनी झोप मोडणारी तंत्रं टाळावीत. निद्रानाश असेल तर आधी त्याचा इलाज. मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर ल्युसिड ड्रीमची नव्हे, झोपेच्या तपासणीची गरज आहे.

परीक्षेचा अभ्यास, भाषणाची तयारी स्वप्नात करता येईल?

पाठांतराची आशा सोडा. स्वप्नातल्या पुस्तकात अक्षरंच टिकत नाहीत. हातापायांच्या कौशल्याचं थोडं वेगळं आहे. पेल्यात नाणं टाकण्याचा सराव स्वप्नात ज्यांना करता आला, त्यांचा नेम सकाळी सुधारलेला आढळला. पण तो प्रयोग लहान होता.

दुपारी वामकुक्षीत जमेल का?

जेवणानंतरच्या वीस मिनिटांत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर उठून, नऊ-दहाच्या सुमारास पुन्हा तासभर पडलात, तर शक्यता बरीच बरी.

मी कॉल सेंटरला रात्रपाळी करतो. मी पाच तासांचा हिशोब कसा लावायचा?

तुमच्यासाठी तो हिशोब तसाच लागू होत नाही. रेम झोपेचा जोर शरीराच्या घड्याळाप्रमाणे सकाळी असतो. सकाळी सात-आठला झोपणाऱ्याला ती नेहमीपेक्षा लवकर येऊ शकते. तेव्हा गजर लावून पाच तासांनी उठू नका. आपली मधली जाग साधारण कधी येते ते आठवडाभर वहीत टिपा आणि ती जाग आली की माइल्ड करा. खिडकीला जाड पडदा हवा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर सध्या फक्त वही लिहा, बाकीचं पाळी स्थिर झाल्यावर.